धरणाच्या ठेकेदाराचं पत्र

आदरणीय मॅडम,



दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथी 'ब'मध्ये आमच्या कन्येने 'भातसा धरण' हा प्रकल्प सादर केला आणि आपण त्याला तीन तारे व 'व्हेरी गुड' दिलंत. त्या धरणाचा ठेकेदार या नात्याने आपले आभार मानायला हे पत्र लिहितो आहे. भिंत माझी, दरवाजे तिच्या आईचे, निळं पाणी शहापूरच्या बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातलं. कन्येकडे फेविकॉलची बाटली धरून उभं राहायचं आणि दर दहा मिनिटांनी 'बाबा, झालं का?' विचारायचं काम होतं. ते तिने चोख बजावलं.

एक कबुली द्यायची राहिली. प्रतिकृतीखाली जो रंगीत फोटो आहे तो भातसाचा नाही, अमेरिकेतल्या हूवर धरणाचा आहे. दुकानातल्या पोराने 'डॅम' एवढंच टाइप केलं, पहिलं आलेलं चित्र छापलं आणि वीस रुपये घेतले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडे असे बोडके खडक कुठे आहेत?" पण तोवर रात्रीचे साडेदहा झाले होते. कन्येने खाली सुवाच्य अक्षरात 'भातसा धरण, ता. शहापूर' लिहिलं, आपण त्याला तारे दिलेत, आणि कोलोरॅडो नदी बिनबोभाट आपल्या तालुक्यात आली.

मॅडम, ज्या तालुक्यात ही शाळा आहे तिथे धरणांना तोटा नाही. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ते पाणी आमच्या उशाखालून जातं, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून बसतात. चौथीच्या पोरीला हे दाखवायला थर्माकोल लागत नाही. शाळेपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर खरं धरण, आणि आम्ही दोन दिवस घरात दार लावून खोटं बांधतोय! बरं, 2018 साली सरकारने थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि गणपतीच्या मखरांवर बंदी आणली. बाप्पाला जे मिळत नाही ते चौथी 'ब'ला मिळतं, हा आपल्या शाळेचा मान.

दुकानदार मात्र आपल्यावर खूष आहे. मी थर्माकोल मागितला तर न बघताच विचारतो, "धरण की ज्वालामुखी?" तयार धरणही होतं त्याच्याकडे, साडेतीनशेला. मी स्वाभिमानाने नाही म्हणालो. पुढच्या वर्षी नाही म्हणणार नाही.

बाकीच्या अभ्यासाबद्दल तक्रार नाही. रोज एक पान शुद्धलेखन, पाढे दोनदा, आणि 'मी सुट्टीत केलेली धमाल' हा निबंध. निबंध पहिल्याच दिवशी उरकून टाकला, नंतर वेळ मिळाला नसता. त्यातली धमाल काल्पनिक आहे.

मला बोचलं ते दुसरंच.

मी पहाटे पाचला घर सोडतो. आसनगावहून लोकल, दोन तास जायला, दोन तास यायला. मी निघतो तेव्हा पोरगी झोपलेली आणि परततो तेव्हा बहुधा पेंगत असते. दिवाळीला मला चार दिवस रजा मिळते. या चार दिवसांत आम्ही किन्हवली-सरळगाववरून मुरबाडकडे गावाला जातो. तेव्हा भातकापणी चाललेली असते, खळं सारवलेलं असतं, झोडणीचा धपधप आवाज लांबून येतो, नव्या भाताचा वास आणि फराळाचा वास एकमेकांत मिसळतात. पोरं अंगणात किल्ला करतात. यंदा माहुली करायचं ठरलं होतं, कारण शहापूरच्या घराच्या गच्चीतून तो दिसतो, आणि 1636 साली शहाजीराजे वेढ्यात अडकले होते तो हाच किल्ला, हे तिला कुठूनसं कळलं होतं. माहुली अर्धाच झाला. त्याचे तीन सुळके उभे राहिले, तटबंदी राहिली. का, ते आपण जाणता. आपला संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सुट्टी लागली त्याच संध्याकाळी आला होता: 'शाळा उघडण्याच्या दिवशी प्रकल्प आणणे अनिवार्य'. म्हणून एसटीच्या गर्दीत, डोक्यावर थर्माकोलचा मोठा तुकडा धरून, आम्ही सासरमाहेरच्या नातेवाइकांकडे दिवाळीला गेलो. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही एवढंच.

आणि पाडव्याच्या दुपारी हे झालं. ओटीवर मी भिंत कापत होतो. माझी आई भात पाखडायचं थांबवून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "हे काय करतोस?"

"धरण."

"कुठलं?"

"भातसा."

आई थोडा वेळ बघत बसली. मग नातीला म्हणाली, "माझं माहेर धरणात गेलं बरं का. बारवीच्या." पोरीच्या हातातली बाटली खाली आली. "म्हणजे तुझं घर पाण्यात आहे? अजून? भिंती आहेत का आत?" बारवीची उंची वाढवत नेली तसतशी मुरबाडची गावं उठली, हे मला माहीत आहे, ते पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जातं हेही माहीत आहे. पण आईच्या तोंडून मीसुद्धा ते कधी सलग ऐकलेलं नाही. तिने सुरुवात केली: सामान कसं बांधलं, देव कसे हलवले, गोठ्यातली म्हैस नव्या जागी कशी चार दिवस खाईना. पोरगी पुढे सरकून बसली. "मग आजी, तू भाऊबीजेला कुठे जायचीस?"

आणि मी, मॅडम, मी म्हणालो, "आई, नंतर सांग ना. हे सुकतंय. तू बाटली धर नीट."

आई उठून पाखडायला गेली.

हे वाक्य माझं आहे, तुमचं नाही, हे मला कळतं. पण ते माझ्या तोंडात कुणी घातलं? धरणाचा खराखुरा धडा ओटीवर समोर बसला होता, आणि मी त्याला गप्प केलं, कारण धरणाचा प्रकल्प पूर्ण करायचा होता! याला काय म्हणावं? शिक्षण? माझी चार दिवसांची रजा, माझ्या आईची गोष्ट, पोरीचा एक खरा प्रश्न, हे सगळं त्या निळ्या जिलेटिन पेपरखाली बुडालं. त्याचं पुनर्वसन कोण करणार?

हे मी एकटाच बोलत नाही. 1989 साली आर. के. नारायण राज्यसभेत उभे राहून दप्तराच्या ओझ्यावर बोलले होते. पुढे प्रा. यशपाल यांची समिती बसली आणि 1993 साली तिने सांगितलं, की प्राथमिक वर्गांना गृहपाठच नको. दिलाच तर घरच्या, आजूबाजूच्या जगात मुलाने काही शोधावं एवढ्यापुरता. माझी आई त्या 'आजूबाजूच्या जगा'त येते की नाही, हे समितीच्या सदस्यांना विचारायला हवं होतं. 2018 साली केंद्राने पहिली-दुसरीचा गृहपाठ बंद करायला सांगितलं. चौथीच्या पालकांनी अजून दोन इयत्ता मागे जाता आलं तर बघावं.

(आमच्या गावाजवळच्या कातकरवाडीतली पोरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. त्यांच्या सुट्टीबद्दल मी या पत्रात लिहीत नाही. त्याला हा विनोदी सूर चालणार नाही.)

आता खरं सांगतो. हे पत्र मी शाळा उघडली त्याच दिवशी पाठवणार होतो, दुप्पट तिखट. पण संध्याकाळी तुम्ही मला एसटी स्टँडवर दिसलात. पायाशी दोन पोती, त्यांतून धरणं आणि ज्वालामुखी डोकावत होते. बसला वेळ होता म्हणून तुम्हीच बोललात. गेल्या वर्षी तुम्ही प्रकल्प दिला नव्हता. 'रोज आजीआजोबांशी गप्पा मारा' एवढंच लिहून पाठवलं होतं. तर पालकसभेत तीन पालकांनी विचारलं, मग फी कसली घेता? शेजारच्या शाळेत बघा, किती छान मॉडेल्स करून घेतात! वर्गात काय चाललंय याचे फोटो रोज वर पाठवायचे असतात. गप्पांचा फोटो काढता येत नाही. सुट्टीतले चार दिवस तुमचे पेपर तपासण्यात गेले. आणि तुमच्या मुलीची सूर्यमाला तुम्ही रात्री दीड वाजता पूर्ण केलीत; शनीची कडी बसेना म्हणून पोरगी रडत झोपली.

त्या तीन पालकांतला एक मी होतो, मॅडम. तुम्ही ओळखलंत की नाही ते ठाऊक नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. मी तुमचं एक पोतं गाडीत चढवून दिलं आणि घरी आलो.

त्यामुळे हे पत्र उशिरा येत आहे, आणि त्यातलं निम्मं तिखट मी स्वतःच गिळलं आहे. पुढच्या पालकसभेत 'फी कसली घेता' असं कुणी म्हणालं तर पहिला मी उठेन. तुम्ही फक्त पुन्हा एकदा तो गप्पांचा अभ्यास द्या. आम्हाला जमतो का बघतो. धरण आता कपाटावर आहे. वर्गात ठेवायला जागा नाही म्हणून शाळेने ते परत पाठवलं.

आई म्हणते, मे महिन्यात पाणी उतरलं की माहेरच्या विहिरीचा काठ दिसतो. पोरीने तारीख विचारून ठेवली आहे. त्या आठवड्यात ग्रुपवर काहीही पाठवू नये, ही नम्र विनंती.

आपला,
चौथी 'ब'मधल्या एका धरणाचा ठेकेदार