न विचारणाऱ्या खरेदीदाराच्या औदार्यास

अमेरिकेत भाड्याचे उत्पन्न देणारी मालमत्ता शोधणाऱ्या, आणि न्यू जर्सीतील मराठी मंडळींतही आढळणाऱ्या, परमउदार खरेदीदार महोदयांस सादर नमस्कार, विनंती विशेष.

सदर पत्र केवळ आभाराचे आहे. दुकानांची रांग विकत घेताना महोदय भाडेकरार बारकाईने वाचतात, छताची गळती पाहतात, वाहनतळाच्या डांबरीकरणावरून किंमत पाडून घेतात; मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात पूर्वी कोणता व्यवसाय चालत होता, हे विचारण्याचा असभ्यपणा त्यांच्याकडून घडत नाही. तेथे ड्राय क्लीनिंग चालत असल्यास ‘पर्क’, म्हणजे टेट्राक्लोरोइथिलीन हे कपड्यांवरचे डाग काढणारे द्रावण, वर्षानुवर्षे जमिनीत झिरपलेले असू शकते. ते पाण्याहून जड असल्याने भूजलापर्यंत पोहोचल्यावरही तळाकडे उतरत राहते, आणि त्याची वाफ फरशीच्या भेगांतून वर येऊन शेजारच्या भाडेकरूच्या श्वासात मिसळते. खरेदीखतात या रहिवाशाचा उल्लेख नसतो आणि तो भाडेही देत नाही.

महोदयांच्या औदार्याला कायद्याचेही पाठबळ आहे. न्यूयॉर्क राज्यातील नायगरा फॉल्स येथे हूकर केमिकल कंपनीने लव्ह कॅनॉल या अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला दिली. खाली कचरा असल्याचे आणि पुढील जोखीम घेणाऱ्याची असल्याचे खतातच लिहिले होते, तरीही तेथे शाळा उभी राहिली आणि भोवती घरे झाली. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर होऊन कुटुंबे हलवावी लागली, आणि त्या प्रकरणाच्या धक्क्यातून १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. त्यानुसार जमिनीचा सध्याचा मालक, कचरा त्याने टाकलेला नसला तरी, सफाईच्या खर्चाला जबाबदार ठरू शकतो. आणि दायित्व संयुक्त तसेच पृथक असल्याने, म्हणजे संपूर्ण वसुली कोणा एकाकडूनही करता येत असल्याने, इतर दोषी दिवाळखोर झाले असल्यास ऐपतदार उरतो त्याच्याकडेच सरकारचे लक्ष वळते.

या कायद्याने एक पळवाटही ठेवली आहे, परंतु ती महोदयांच्या स्वभावाला मानवणारी नाही. खरेदीपूर्वी विहित चौकशी केलेल्या ग्राहकाला संरक्षण मिळू शकते. या चौकशीला व्यवहारात ‘फेज वन’ म्हणतात. तीत माती उकरत नाहीत, तर जुने परवाने, हवाई छायाचित्रे आणि आगीच्या विम्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून काढलेले सॅनबॉर्न नकाशे तपासतात, जागेची पाहणी करतात आणि जुन्या माणसांना विचारतात. संशय आला तरच दुसऱ्या टप्प्यात माती व पाण्याचे नमुने घेतात. चौकशीचे महत्त्वाचे भाग खरेदीपूर्वीच्या १८० दिवसांतले असावे लागतात, आणि ताबा मिळाल्यावरही दूषित भागाची वाजवी काळजी घेणे मालकाला सुटत नाही. खरेदीनंतर केलेली चौकशी हे संरक्षण देत नाही. तिच्यातून फक्त आपण काय विकत घेतले ते कळते.

खनिज तेल सुपरफंडच्या व्याख्येबाहेर आहे, हे ऐकून महोदयांनी जुना पेट्रोलपंप घेण्याची घाई करू नये, असे सुचवणे औचित्याला सोडून होईल. कारण न्यू जर्सीचा १९७६ चा कायदा तेलालाही लागू होतो, आणि तेथील जुन्या घरांच्या अंगणात पुरलेल्या, घर उबदार ठेवण्यासाठीच्या तेलटाक्याही कधीतरी कोणीतरी साफ करायलाच हव्यात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

जमिनीच्या पूर्वीच्या मालकांतर्फे, ज्यांच्यापैकी अनेकांच्या कंपन्या आता अस्तित्वात नाहीत आणि ज्यांचा पत्ता त्यामुळे देता येत नाही.