मसलतीचा मेहनताना

मद्रासलगतच्या पूर्व तांबरममधील आमच्या मूठभर मराठी बिऱ्हाडांत सध्या एकच प्रकरण निकालावाचून पडून आहे, आणि ते म्हणजे हवाईदलातून नुकतेच निवृत्त झालेले आमचे वॉरंट ऑफिसरसाहेब यांनी आपल्या पैशासाठी पगारी मसलतगार नेमावा की नेमू नये. उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण या तीन वाटांनी मिळून चाळीस लाखांची रक्कम त्यांच्या खात्यावर एकदम जमा झाली, आणि ज्या कन्येने सिरुसेरीच्या एका संगणक कंपनीत नोकरी धरल्यापासून वडिलांच्या कारभारात कधी शब्द घातला नव्हता तिनेच म्हटले, "बाबा, सेबीकडे नोंदलेला एखादा सल्लागार गाठा. पंचवीस हजार घेईल, पण सगळं एकदाच नीट लिहून देईल." साहेबांनी चष्मा काढून विचारले, "पंचवीस हजार? नुसतं बोलायचे?"

येथे वाचकांस एवढे निवेदन करणे अवश्य आहे की, तांबरमच्या हवाईदल तळावर वैमानिकांना शिकविणारे शिक्षक तयार करण्याची शाळा आहे, आणि ज्याची परीक्षा झालेली नाही त्याच्या हाती विमान द्यावयाचे नाही, किंबहुना जबाबदार माणसाची नोंदवहीत सही पडल्यावाचून विमान जागचे हलवावयाचे नाही, या शिरस्त्यात साहेबांची हयात गेलेली आहे. तथापि स्वतःचे चाळीस लाख मात्र कोणाही बिनपरवाना गृहस्थाच्या स्वाधीन करण्यास त्यांचा प्रत्यवाय नाही. अट इतकीच की त्याने फी मागता कामा नये.

अशा निरपेक्ष मंडळींचा दुष्काळ या गावात कधीच पडला नाही. रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात बँकेतील एक तरुण, जो त्यापूर्वी पासबुक भरून द्यावयासही मान वर करीत नसे, साहेबांना "सार, सार" म्हणत आतल्या थंड खोलीत घेऊन गेला आणि फिल्टर कॉफी पाजून त्याने एक रंगीत पत्रक पुढे केले. खालच्या मजल्यावरील मामींनी आपल्या चिटमध्ये, म्हणजे आपण जिला भिशी म्हणतो तीत, एक जागा साहेबांसाठी राखून ठेविली. (नोंदणीकृत चिटच्या चालकास १९८२ च्या कायद्याने अमुक टक्के दलाली मिळते हे निदान कागदावर स्वच्छ लिहिलेले तरी असते, मामींच्या चिटला कागदच नाही.) पुतण्याने दूरध्वनीवर कोणत्याशा समूहात साहेबांचे नाव दाखल केले, जेथे रोज सकाळी नऊ वाजता उद्या वाढणाऱ्या शेअरांची नावे जाहीर होतात.

परंतु या सर्वांचे मुकुटमणी म्हणजे साहेबांचे मेव्हणे. हे पुण्यास विमा अभिकर्ते आहेत, आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी साहेबांच्या गळ्यात एक पॉलिसी घातली, तेव्हा पहिल्या हप्त्यातील काही रक्कम पाकिटात घालून भाऊबीजेच्या निमित्ताने बहिणीच्या हाती परत केली होती. अशी परतफेड १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने निषिद्ध आहे, हे देणाऱ्यास ठाऊक होते आणि घेणारीस जाणून घेण्याची इच्छा नव्हती. मेव्हण्यांना आपण कसे चातुर्याने फसविले याची कथा साहेब आजही रंगवून सांगतात. पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून ३५ टक्क्यांपर्यंत दलाली त्या काळी अभिकर्त्यास कायद्यानेच मिळू शकत असे, ही गोष्ट कोणी काढली तर ते विषय बदलून क्रिकेटवर येतात.

हिशेब फार अवघड नाही. म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक योजनेची मध्यस्थाविना घेता येणारी आवृत्ती १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहे. मध्यस्थामार्फत घेतलेल्या आवृत्तीत त्याचा वाटा दरसाल आपल्याच पैशातून, आपल्याला न विचारता, वजा होत राहतो. तो एक टक्का धरला, तर चाळीस लाखांवर वर्षास चाळीस हजार होतात, आणि रक्कम एका पैनेही वाढली नाही असे समजले तरी दहा वर्षांत चार लाख. बँकेतील कॉफीची ही किंमत. ती कोणत्याही पावतीवर छापून येत नाही, म्हणून ती फुकट. पंचवीस हजारांची पावती मिळते, म्हणून ती लूट.

फी न मागणाऱ्यांवर विश्वास टाकण्याची मद्रासची परंपरा मोठी प्राचीन आहे. अर्बथनॉट आणि कंपनीची पेढी १९०६ च्या ऑक्टोबरात बुडाली, तेव्हा सरदार, पेन्शनर आणि विधवा अशा हजारोंच्या ठेवी तीबरोबर गेल्या, पेढीचे मालक सर जॉर्ज अर्बथनॉट यांस सक्तमजुरी झाली, आणि त्या संतापातून पुढल्याच वर्षी इंडियन बँक जन्मास आली. त्यानंतर शतक उलटून २०२२ साली याच शहरात आरुद्रा गोल्ड नामक संस्थेचा बोभाटा झाला, जिने दरमहा २५ ते ३० टक्के देण्याचे वचन देऊन सुमारे एक लाख लोकांकडून दोन हजार चारशे कोटींहून अधिक रुपये गोळा केले होते. दरमहा पंचवीस टक्क्यांनी लाखाचे वर्षात चौदा लाखांवर होतात, हा गुणाकार शाळकरी मुलासही करता येईल. तो करून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. दादरच्या वाचकांनी हसू नये. २०२५ च्या जानेवारीत तेथील टोरेस या गुंतवणूकदारांस बुडविणाऱ्या पेढीच्या दारात जी गर्दी उसळली होती, ती तमिळांची नव्हती.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण पगारी मसलतगार हाही काही ऋषी नव्हे. कन्येच्या हट्टाखातर साहेब एकास भेटून आले. त्याने प्रथम एक प्रश्नावली भरून घेतली, जीत "बाजार तीस टक्के कोसळला तर आपण काय कराल?" असा प्रश्न होता, आणि पर्यायांत "घरी सांगणार नाही" हे एकमेव खरे उत्तर नव्हते. नंतर साहेबांच्या आयुष्याची पंचाण्णवाव्या वर्षापर्यंतची रंगीत आलेखांची चोपडी त्याने दाखविली. सेबीच्या २०१३ च्या नियमांनी या वर्गास बांधले आहे. २०२० पासून एकाच अशिलाकडून फी आणि त्याच्यावरील दलाली अशी दुहेरी वसुली त्यांस करता येत नाही. आणि फीची मर्यादा एका कुटुंबामागे वर्षास १ लाख ५१ हजार रुपये, अथवा मालमत्तेच्या टक्केवारीने घेतल्यास अडीच टक्के. अडीच टक्के घेणाऱ्यापेक्षा मेव्हणे परवडले, निदान ते दिवाळीला चिवडा तरी आणितात. शिवाय असे नोंदणीकृत सल्लागार साऱ्या देशात हजाराच्या आसपास आणि म्युच्युअल फंडाचे वितरक लाखावर, तेव्हा रस्त्यात जो भेटेल तो कोणत्या जातीचा असेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

तरीही आमचा अभिप्राय साहेबांच्या कन्येच्या बाजूने आहे. ज्याचा पगार बेताचा, साधा मुदतीचा विमा झालेला आणि दरमहाची शिल्लक भविष्यनिर्वाह निधीत बिनबोभाट जाते, त्याने मसलतीवर कपर्दिकही खर्चू नये. पण ज्याच्या हाती आयुष्यात प्रथमच एकरकमी पैसा आला आहे, आणि ज्याच्या पत्नीस कोणते खाते कोठे आहे याचा पत्ता नाही, त्याने एकदाच, ठरीव रकमेत, टक्केवारीत नव्हे, सल्ला विकत घ्यावा. त्या चोपडीच्या अखेरीस जी ओळ निघाली तीच पाहा: पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा २०२३ साली पंधरा लाखांवरून तीस लाख झाली असून साहेब त्या योजनेस पात्र आहेत. बँकेतील तरुण, मामी, पुतण्या आणि मेव्हणे यांपैकी एकानेही ही योजना साहेबांच्या कानावर घातली नव्हती. तिच्यावरील अभिकर्त्यांची दलाली सरकारने २०११ च्या डिसेंबरातच बंद केली आहे.

सल्लागार नेमू इच्छिणाऱ्या वाचकांनी त्याच्याकडून 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागावा, सेबीच्या संकेतस्थळावर त्याची रुजुवात करावी, आणि समोर बसून एकच प्रश्न विचारावा: माझ्याखेरीज तुम्हांला पैसे कोण देतो? उत्तर एका वाक्यापेक्षा लांबू लागले, तर सरळ उठून पोस्टाची वाट धरावी. दुपारी साडेबारानंतर तेथे जेवणाची सुट्टी असू शकते, तेवढी वेळ सांभाळावी.