भर समुद्रात नळ आला

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीत सोयाबीनचा भाव आणि निवडणूक सोडून तिसऱ्या विषयावर महिनाभर चर्चा टिकली, असं सहसा होत नाही. यंदा ते झालं. पुण्यातल्या पोरानं तिकीट काढून दिलं आणि आमचे काकाजी-काकू मुंबई-गोवा क्रूझवर जाऊन आले. बोट कुठल्या कंपनीची ते सांगत नाही; त्यांनी या सदराला जाहिरात दिलेली नाही.

अकोल्यापासून मुंबई रेल्वेनं 580-एक किलोमीटर. त्यामुळे समुद्राशी आमचा संबंध मिठापुरता. कोकणातल्या माणसाचं तसं नाही. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं गावी जाणाऱ्यांच्या घरात 17 जुलै 1947 ही तारीख अजून सांगितली जाते. रेवसला निघालेली 'रामदास' त्या दिवशी बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हा माणसं बोटीत बसत ती कुठंतरी पोचायला. आता बोटीत बसायचं ते बोटीत बसायला. गोवा वाटेत लागतो एवढंच.

ही हौस मुंबईला अलीकडे लागली. 2018 साली कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' निघाली. 2019मध्ये 'कर्णिका' आली आणि दोन वर्षं भरायच्या आत अलंगच्या भंगारात गेली. 2021पासून 'एम्प्रेस' आहे. ती 1990ची, फ्रान्सात बांधलेली, आधी अमेरिकेच्या बाजूला पर्यटक फिरवून आलेली. वय ऐकून पुणेकर नाक मुरडतात. आमच्या गावात तेवढ्याच वयाची एम-80 अजून दुधाच्या कॅना वाहते, सबब आमची हरकत नाही.

बोट सुटण्याआधी कवायत झाली. सात छोटे भोंगे, एक लांब भोंगा, की ठरलेल्या जागी जमायचं. 2012च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, 32 माणसं गेली. तिच्यावरच्या कितीतरी प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून कवायत बोट हलण्याआधी उरकतात. काकाजींच्या भोवती मात्र सगळे फोटो काढण्यात गुंग होते. भोंगे कुणीच मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्या खऱ्या गुणांना वाव मिळाला. वरच्या डेकवर तलावाभोवती आरामखुर्च्या. माणसं दोन हजार, खुर्च्या किती ते विचारू नका. साऱ्या जगातल्या क्रूझवर हेच भांडण आहे: लोक पहाटे येऊन टॉवेल टाकतात आणि परत जाऊन झोपतात. कंपन्यांनी नियम केले, पाट्या लावल्या, टॉवेल उचलायला माणसं नेमली. काकाजींची सारी उमर अकोल्याच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकण्यात गेली. त्यांनी सहा वाजता दोन खुर्च्यांवर रुमाल, चष्म्याचं घर आणि 'देशोन्नती'चा शिळा अंक मांडला. नऊला एक सुरतेचं कुटुंब तिथं बसू लागलं. काकाजी नाश्त्याची बशी घेऊन धावले. "रुमाल हाय म्हंजे मानूस हाय," त्यांनी कायदा सांगितला. सुरतेच्या गृहस्थांकडेही एसटी आहेच. ते मुकाट्यानं उठले.

जेवण तिकिटात होतं. फुकटाचं नसून आधीच पैसे भरलेलं जेवण माणूस कसं जेवतो, हे पाहण्यासारखं असतं. एका ताटात इडली, पास्ता, जिलेबी आणि दालमखनी. ही दालमखनी बाजूच्या जिलेबीत शिरली तरी कुणाला दुःख नाही, कारण चव घ्यायचीच नसते, वसुली करायची असते. सर्वांत लांब रांग जैन जेवणाच्या काउंटरला होती. त्या रांगेत जैन किती ते देवच जाणे, पण पोळी तिथंच गरम मिळत होती. काकूंनी पर्समधून ठेच्याची बाटली काढली तेव्हा आजूबाजूची चार टेबलं जवळ सरकली.

किनारा मागे पडला तसा कॅसिनो उघडला. काकाजी दारातूनच परतले. कोरडवाहू कापूस पेरणाऱ्या माणसाला पत्त्यांच्या जुगारात काय राम वाटणार?

पण या प्रवासाची खरी हकिकत काकूंची आहे. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी आधी न्हाणीघर पाहिलं. बादली नाही, मग्गा नाही. त्यांनी सोबतच्या साऱ्या बाटल्या, चहाची किटली आणि पुण्याच्या सुनेनं दिलेला डबा नळाखाली भरून ठेवला. मग खोली आवरणाऱ्या पोराला बोलावलं. तो निघाला रत्नागिरीचा.

"बापू, नळ कितीक वाजता येते?"

"काकू, नळ चोवीस तास असतो."

"चोवीस तास त अकोल्यातबी नाही येत," काकू म्हणाल्या आणि डबा झाकून ठेवला.

पोरगं हौशी होतं. त्यानं समजावून सांगितलं: समुद्राचं पाणी आत ओढायचं, इंजिनाच्या उष्णतेवर कमी दाबाखाली त्याची वाफ करायची, वाफ थंड केली की गोडं पाणी. काही बोटींवर बारीक पडद्यातून दाबून मीठ वेगळं करतात. सारं बोटीच्या पोटातच होतं.

काकूंचं माहेर पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून शेकडो गावं तिथं खाऱ्या पाण्यावर बसली आहेत. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते ओलिताला चालत नाही आणि माणसालाही नाही. मूत्रपिंडाचे आजार घरोघर. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आरोची कॅन आणतो. तिथं योजना नाहीत असं नाही. 84 खेडी योजना आहे, 64 खेडी योजना आहे. नावातच आकडा असल्यामुळे पाणी आलं नाही तरी गाव मोजणीत येतं.

"म्हंजे सारा समुंदर खारा, अन् तुम्ही त्याचं गोडं करता. कितीक लोकायसाठी?"

"स्टाफ धरून अडीच हजार."

"माह्या माहेरात हजारबी नाहीत. मंग आमच्याच वक्ताले खारं कसं राह्यते?"

"ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाही शिकवलं, काकू."

हे गोडं पाणी ढिगानं तेल जाळून होतं, हे खरं. आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे गेलं की मैला तसाच समुद्रात सोडायलाही आंतरराष्ट्रीय नियमाची मुभा आहे, हेही खरं. आपल्याकडे बारा मैलांची अट नाही. दारापुढची नाली चालते.

काकाजींनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. त्यांच्या मते सारी करामत यंत्राची नसून कॅप्टनची आहे. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याची बदली झाली की तो सामान भरतो. कॅप्टनला भर समुद्रात उतरता येत नाही. शिवाय दोन हजार प्रवाशांना ज्या टाकीतलं पाणी जातं, त्याच टाकीची तोटी कॅप्टनच्या खोलीत. आमच्याच तालुक्यात महानला काटेपूर्णेचं धरण आहे, त्यावर अख्खं अकोला शहर पाणी पितं. पाण्याचा दुष्काळ म्हणायचा की तोटी कुणाच्या खोलीत आहे त्याचा, यावर काकाजी पारावर तासभर बोलतात.

पुण्याच्या पोराचा हुरूप वाढला आहे. आता तो अमेरिकेच्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं म्हणतो. ही 2024ची, वीस मजल्यांची, साडेसात हजार प्रवासी मावतील अशी बोट, आणि तिच्यावर सात जलतरण तलाव. काकूंनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "हौद सात अन् त्यात नुसत्या डुबक्या," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

काकाजी अर्जावर विश्वास ठेवणाऱ्या पिढीतले. क्रूझ बोटीवरचं पाणी गोडं करायचं यंत्र पूर्णेकाठच्या गावांना कॅप्टनसह उपलब्ध करून द्यावं, असा अर्ज त्यांनी एका सरकारी कार्यालयात दिला. पंधरा दिवसांत तो शेरा मारून परत आला: समुद्राचा सातबारा जोडावा.