डेकवरून जंजिरा

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहून भोंगा वाजवी. गरज असेल त्याने तिच्यापर्यंत यावे. पणजीहून सकाळी सुटलेली ही बोट दिवेलागणीच्या सुमारास भगवती बंदरासमोर येई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावर माणसे ओती. मे महिना सरत आला की, पावसाने बोटी बंद पडायच्या आत मुंबई गाठायला सगळे चाकरमानी पोराबाळांनिशी आणि आंब्याच्या पेट्यांनिशी बंदरावर गोळा होत.

भोंग्याची वाट बघत बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला धीर दिला. "थिबा राजालासुद्धा इंग्रजांनी 1886 साली बोटीनेच आणला हो रत्नागिरीत! तिकीट मागितलंन् नाही त्याच्याकडे." मग थोडे थांबून, "परतीचं दिलंन्ही नाही."

पडावात बसणे सोपे. पडावातून बोटीच्या शिडीवर जाणे, हा खरा प्रवास. पडाव वर येई तेव्हा शिडी खाली, शिडी हाताशी येई तेव्हा पडाव खाली. खलाशी माणसांना दंडाला धरून वर फेकत, पेट्या मात्र अलगद चढवत. पेट्यांत हापूस होता. एका काकूंनी नेमके तेव्हाच विचारले, "'रामदास' बुडाली ती अशीच का हो?" आजोबा म्हणाले, "छे! ती रेवसची. शिवाय जुलैतली. 1947 साल ते. आपल्याला अजून दीड महिना आहे."

वर अप्परवाल्यांना केबिन, आम्हा डेकवाल्यांना आकाश. पणजी-वेंगुर्ल्याच्या मंडळींनी सगळा डेक आधीच सतरंज्यांनी जिंकून ठेवलेला. मालवणच्या आणि देवगडच्या सतरंज्यांमध्ये जी चिंचोळी सामुद्रधुनी उरली होती, तिच्यात मी वळकटी सोडली. इंजिनाचा धूर, पिकते आंबे आणि सुके बांगडे यांचा एकत्र वास ज्याने घेतला नाही, त्याला बोट लागणे म्हणजे काय ते सांगून कळायचे नाही. ज्यांना लागली ते कठड्याशी गेले. उरलेल्यांना आवळासुपारी वाटता वाटता आजोबा मार्गदर्शक झाले.

सुवर्णदुर्ग, जंजिरा, पद्मदुर्ग, कुलाबा, उंदेरी, खांदेरी: डेकच्या तिकिटात एवढी बेटे बघायला मिळणार, या हिशेबाने मी एस.टी. सोडून बोट धरली होती. (यांतल्या सुवर्णदुर्ग आणि खांदेरीला 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आता ती बघायला काय पडते, ते विचारू नका.) पण समुद्राने ही सगळी बेटे नेमकी रात्रीच्या वाट्याला ठेवलेली. आजोबांना त्याची अडचण नव्हती. जयगडचा दिवा त्यांनी बरोबर दाखवला, आणि त्या एका दिव्यावर रात्रभराची पत मिळवली. हर्णैच्या दीपस्तंभाशेजारच्या काळोखाकडे हात करून म्हणाले, "तो सुवर्णदुर्ग." कोणाला काहीच दिसेना. "दिसत नाही म्हणूनच तर आंग्र्यांचं आरमार तिथे लपत असे!" यावर मालवणची सतरंजी सोडून सगळ्यांनी माना हलवल्या. मालवणकरांनी सिंधुदुर्ग पाहिलेला असतो. त्यांना बाकीचे किल्ले आधीच लहान वाटतात.

मध्यरात्र उलटल्यावर आजोबांनी मला ढोसून उठवले. "ऊठ, जंजिरा!" डाव्या हाताला खरोखरच एक दिवा लुकलुकत होता. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांच्या आणि संभाजी महाराजांच्या हाती न लागलेला जंजिरा आजोबांनी आवळासुपारी चघळत काबीज केला. देवगडच्या सतरंजीवरचे एक मास्तर मात्र भूगोलाचे निघाले. "आजोबा, बोट उत्तरेला चालली आहे. किनारा उजवीकडे. तुम्ही दाखवताय ती आफ्रिकेची दिशा."

"मग?" आजोबा म्हणाले, "सिद्दी कुठनं आले?"

मास्तरांनी चादर डोक्यावरून ओढली. तो दिवा कुठल्या तरी मालवाहू जहाजाचा असावा, कारण जंजिरा थोड्या वेळाने आम्हाला मागे टाकून पुढे गेला.

उजाडताना बोट जागी झाली. संडासासमोर रांग लागली, वळकट्या बांधल्या जाऊ लागल्या, हरवलेली चप्पल शोधताना एका पोराला दुसऱ्याची सापडली. या गडबडीत उजव्या बाजूला एक बेट उगवले. चांगले घसघशीत, तटासकट आणि 1867 पासूनच्या दीपस्तंभासकट. महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेली खांदेरी. रात्रभर अंधाराकडे टक लावून बसलेल्या डेकने तिच्याकडे पाठ फिरवून पेट्या मोजायला घेतल्या.

मी धावत जाऊन आजोबांना उठवले. त्यांनी चष्मा लावला, बेट खालपासून वरपर्यंत पाहिले आणि पुन्हा आडवे होत म्हणाले, "ही कुठली खांदेरी? ती रात्रीच गेली. मी मास्तरांना दाखवली ना!"