लॉज आहे, पण खोल्या नाहीत

जव्हारच्या एस. टी. स्थानकासमोर उभे राहून एखाद्या सद्गृहस्थाने 'लॉज आता सर्वांना खुले होणार' अशी दवंडी पिटली, तर त्याला पहिला प्रश्न भाड्याचा येईल, दुसरा गरम पाण्याचा, आणि तिसरा, आवाज अंमळ खाली आणून, ओळखपत्र दाखवावे लागते काय याचा. कारण ज्या गावाला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणवून घेण्याची अशी काही सवय जडली की २०१४ साली जिल्हा बदलून पालघर झाला तरी ती सुटली नाही, आणि ज्या गावात दाभोशाचा धबधबा पाहावयास येणारी मंडळी भिजलेल्या कपड्यांनिशी निवारा शोधत फिरतात, त्या गावात लॉज या शब्दाला याहून गहन असा काही अर्थ असेल, ही शंका कोणाच्या मनास शिवण्याचे कारणच नाही. मी आमच्या आळीत ही वार्ता सांगितली तेव्हा अगदी असेच घडले. खोल्या नाहीत म्हणताच श्रोत्यांपैकी निम्मे उठून गेले.

वार्ता अशी की, फ्रीमेसन नावाची जी जुनी आणि गूढ म्हणून प्रसिद्ध असलेली मंडळी आहे, तिच्या भारतीय महामंडळाची, म्हणजे ग्रँड लॉज ऑफ इंडियाची, स्थापना २४ नोव्हेंबर १९६१ रोजी झाली, आणि तो दिवस ही मंडळी विश्वबंधुत्व दिन म्हणून पाळून त्या निमित्ताने आपली दारे परक्या माणसांस उघडून दाखवितात. मुंबईत फोर्टात सुखडवाला मार्गावर त्यांचा जो हॉल आहे, तो माझा एक भाचा असाच पाहून आला. ज्या वास्तूला हिंदुस्थानात ठिकठिकाणी लोक भीतभीत 'जादूघर' म्हणत आले, तिच्या अंतर्गृहाचे वर्णन ऐकण्यासाठी मी चहा थंड होऊ दिला. भाचा म्हणाला, "मामा, सगळं बघितलं. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी आहे, मध्ये धर्मग्रंथ ठेवलेत, आणि बाकी खुर्च्या आहेत." तीनशे वर्षे प्राणपणाने जपलेल्या रहस्याच्या पोटी शेवटी खुर्च्या निघाव्यात, यात त्याला निराशा वाटली, मला मात्र, आयुष्यभर सार्वजनिक संस्था जवळून पाहिल्यामुळे, तसे वाटले नाही.

या मंडळींचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. युरोपात मोठमोठी प्रार्थनामंदिरे बांधणारे जे पाथरवट आणि गवंडी, त्यांच्या व्यावसायिक संघांच्या खाणाखुणा, अवजारे आणि चामड्याचे एप्रन, ज्यांनी जन्मात दगडाला हात लावला नव्हता अशा सभ्य गृहस्थांनी उचलले, आणि १७१७ साली लंडनमधील चार लॉजांनी एका मद्यालयात एकत्र येऊन आपले महामंडळ स्थापिले. बंधुत्व हे त्यांचे ब्रीद. तथापि मुंबईतील माणेकजी करसेटजी नावाच्या पारशी गृहस्थांनी बंधू होण्याची इच्छा दर्शविली तेव्हा येथील गोऱ्या बंधूंनी त्यांस नकार दिला, आणि त्यांना समुद्र ओलांडून पॅरिसला जाऊन तेथे दीक्षा घेऊन यावे लागले, पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज एतद्देशीयांसाठी काढले, तेव्हा कोठे मुंबईच्या माणसाला मुंबईत बंधू होता आले. साध्या सहीशिक्क्यासाठी जव्हारच्या माणसाला घाट उतरवून पालघरला धाडण्याची जी रीत आज रूढ आहे, तिला इतकी जुनी आणि इतकी प्रतिष्ठित परंपरा असेल, हे मला ठाऊक नव्हते.

आणि येथेच माझ्या मनात आले की, आमच्या तालुक्यांत लॉज नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? लॉजमध्ये प्रथमच पाऊल टाकणाऱ्या उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोर अडकवितात, एका पायातील बूट काढून सपाता देतात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडतात, आणि त्याच्या अंगावरील पैसाअडका व धातूची यच्चयावत वस्तू काढून ठेवतात. दारावर तलवारधारी पहारेकरी उभा असतो तो निराळाच. आता ज्या कचेरीत मी गेली दोन वर्षे एका दाखल्यापायी जातो आहे, आणि जिचे नाव मी येथे देत नाही, भयास्तव नव्हे, तर दाखला अद्याप तेथेच आहे म्हणून, त्या कचेरीत काय उणे आहे? डोळ्यांवर पट्टी बांधण्याचे श्रम तेथे कोणी घेत नाही, कारण सूचनाफलक कपाटाच्या मागे लावलेला आहे. तलवार नाही, पण स्टुलावर बसलेल्या इसमाजवळ तंबाखूची डबी आहे, आणि ती मळून होईपर्यंत कोणाची आत जाण्याची छाती होत नाही. पैसाअडका तेथेही उंबऱ्याशीच उतरतो. एवढेच की मेसन लोक विधी आटोपल्यावर तो ज्याचा त्याला परत देतात.

सांकेतिक शब्दही आहे: 'साहेब मीटिंगला गेलेत.' हा शब्द अर्जदाराच्या कानी पडला तर 'पुढल्या सोमवारी या' असा त्याचा अर्थ, आणि ठेकेदाराच्या कानी पडला तर 'मागच्या दाराने या' असा. ज्याची जशी पायरी तसा त्यास बोध. लॉजमध्ये नव्या माणसाच्या निवडीसाठी पेटीत गोळ्या टाकतात आणि एक जरी काळी गोळी निघाली तरी तो बाद, असा शिरस्ता ऐकतो. आमच्याकडे त्या काळ्या गोळीस 'त्रुटी' म्हणतात, आणि ती दर खेपेस नवी निघते. त्यांच्या दीक्षेच्या पायऱ्या तीन, आणि तिसऱ्या पायरीवर, शलमोनाच्या मंदिराचा जो स्थपती रहस्य न सांगता मारला गेला, त्याच्या कथेचा खेळ करून उमेदवाराला प्रतीकरूपाने मृत्यू देतात आणि मग हात धरून उठवितात. माझ्या अर्जाच्याही पायऱ्या तीनच: आवक, टिप्पणी आणि प्रलंबित. त्याला अजून कोणी उठविलेले नाही.

पुढे २०२३ साली 'शासन आपल्या दारी' हा उपक्रम निघाला तेव्हा मला क्षणभर वाटले की, हीच ती विश्वबंधुत्वाची पहाट. परंतु पांढऱ्या आच्छादनांच्या खुर्च्या, हारतुरे, ध्वनिक्षेपक आणि खुद्द कारकून एवढे सर्व आमच्या दारी आले, दफ्तर मात्र मूळ जागीच राहिले, आणि माझ्या अर्जाविषयी विचारले असता 'कचेरीत या' असे मला माझ्याच दारात सांगण्यात आले.

बंधुत्वाचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवून ठेवावे की, त्याची वर्गणी आमच्याकडून आगाऊ पोचलेली आहे. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणेचे जे धरण बांधले, त्यातून मुंबईस दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. फोर्टातील बंधू समारंभानंतर जेवावयास बसतात तेव्हा त्यांच्या पेल्यात आमच्या डोंगरांचा पाऊस असण्याचा संभव बराच आहे. आणि त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर चैत्रवैशाखात टँकरचा भोंगा ऐकून बाया हंडे घेऊन धावतात. वर्गणी भरल्याची पावती आम्ही कधी मागितली नाही.

त्या दिवशी आळीतले निम्मे श्रोते उठून गेल्यावर जे दोघे-तिघे बसून राहिले होते, त्यांत मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा एक गवंडी होता. त्याला मी समजावून सांगितले की, हे लोक स्वतःला 'स्वतंत्र गवंडी' म्हणवितात. गुण्या, ओळंबा, कंपास ही त्यांची चिन्हे.

"मग बांधतात काय, गुरुजी?"

"काही नाही."

"मग ओळंबा कशाला?"

"आचरण सरळ असावे म्हणून."

त्याने पिशवीतून आपला ओळंबा काढला. पितळेचा, वापरून वापरून बुडाशी घासलेला. दोरा जागोजाग गाठी मारलेला आणि चुन्यासिमेंटने कडक झालेला. वरचा लाकडी ठोकळा एका कोपऱ्यात फुटलेला. दोऱ्याला धरून त्याने तो माझ्या ओटीच्या खांबाला लावून पाहिला. खांब दोन बोटे बाहेर निघाला. "हा भिंतीला लावायचा असतो," तो म्हणाला, "माणसाला लावला तर आपल्या तालुक्यात कोण उभा राहील?" खांबाबद्दल तो काही बोलला नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा. 'स्वतंत्र' या विशेषणाचाही त्याने जरा विचार केला, आणि मग, आपण यंदा भिवंडीकडच्या मुकादमाची उचल घेतली असल्याकारणाने आपणास त्या मंडळात घेतील असे वाटत नाही, एवढेच सांगितले.

खरे पाहता हा मुलूख गुप्ततेस मानवतच नाही. सुरतेवरील पहिल्या स्वारीइतकी गुप्त मोहीम दुसरी नसेल. परंतु १६६३ साल सरता सरता शिवाजी महाराज त्या वाटेने जाताना जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच वाहिला तोही, परंपरेनुसार, उघड्या माळावर, आणि त्या माळाला नाव पडले शिरपामाळ. अन्यत्र अशा भेटी तळघरात होतात. आणि बोहाड्याचे पाहा. शिमगा झाला की वैशाखापर्यंत गावोगाव तो चालतो. कोणत्या घराने कोणते सोंग नाचवायचे हे पिढ्यानुपिढ्या ठरलेले, कागदाच्या लगद्याचे मुखवटे नारळ फोडून पुजलेले. संबळ-पिपाणी सुरू झाली की टेंभ्यांच्या उजेडात गणपतीपासून रावणापर्यंत एकेक देवदैत्य रस्त्याच्या मधोमध नाचत येतो. येथेही विधी आहे, पायऱ्या आहेत, वंशपरंपरेचा मान आहे. नाही ते फक्त दार. नाचून घामाघूम झालेला नरसिंह एका बाजूस टेकतो, मुखवटा कपाळावर सरकवतो आणि बिडी मागतो, तेव्हा पुढे बसलेले पोर ओरडते, "हा तर आपला आबा!" त्यामुळे नरसिंहाचे तेज रतिमात्र उणे होत नाही. पोर पुन्हा मुखवटा खाली आला की पुन्हा भिते.

मेसन मंडळींना माझी एकच विनंती होती, व ती मी पत्राने कळविण्याच्या बेतात होतो: आपल्या बंधुत्वाचे दार एखाद्या वर्षी जव्हार-मोखाड्याकडे उघडावे, म्हणजे खऱ्या गवंड्यांची व मानद गवंड्यांची एकदा मुलाखत होईल. पत्र लिहावयास बसलो आणि तारखेपाशी अडलो. २४ नोव्हेंबर म्हणजे दिवाळी होऊन गेलेली. त्या सुमारास आमच्या पाड्यांवर म्हातारी माणसे आणि कुत्री एवढीच उरतात. भात झोडून झाले की बाकी सारे वीटभट्ट्यांवर आणि भिवंडी, वसई, ठाण्याच्या इमारतींवर गेलेले असतात, ते शिमग्याला परततात.

गेल्या दिवाळीनंतर चौथ्या दिवशी पहाटे तो गवंडी मला जीपच्या थांब्यावर भेटला. टपावर बोचकी, त्यांवर दोन पातेली, टोपलीखाली एक कोंबडी, आणि बोचक्याला टेकून झोपलेली त्याची धाकटी पोर. माणसे आत मावत नव्हती म्हणून तो मागच्या फळीवर उभा होता. ओळंबा खांद्याच्या पिशवीत होता, दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत होते. बोहाड्याला येणार ना, असे मी विचारले. सोंग घरचे आहे, न येऊन कसे चालेल, असे तो म्हणाला. मग काही आठवल्यासारखे करून त्याने विचारले, "गुरुजी, त्या मुंबईच्या गवंड्यांत सोंग कुठलं असतं?"

मी म्हटले, "सोंग असे नाही. कमरेला एक पांढरा एप्रन बांधतात."

"नुसता एप्रन?" तो म्हणाला, आणि जीप सुटली.