निस्सीमराव

व्याख्यान संपतं. आभारप्रदर्शन सुरू झाल्याबरोबर लोक चपला शोधायला उठतात आणि त्या गर्दीला छेद देत एक गृहस्थ उलट दिशेने, व्यासपीठाकडे निघतात. खांद्याला शबनम, हातात खाकी कव्हर घातलेली पहिल्या आवृत्तीची प्रत, चेहऱ्यावर हक्काचे भाव. सह्या घेणारे बाकीचे लोक रांगेत उभे असतात. हे रांगेत उभे राहत नाहीत. "आम्ही सहीसाठी आलेलो नाही," असं सांगून ते थेट लेखकापाशी पोचतात, त्याच्याच कादंबरीतली छपाईची एक चूक पान उघडून त्याला दाखवतात आणि मग सही घेतात. सोयीसाठी आपण यांना निस्सीमराव म्हणू.

निस्सीमराव डोंबिवलीत असतात, सोलापुरात असतात, बेळगावात असतात आणि मुलाकडे सहा महिने राहायला गेले की न्यू जर्सीतही असतात. बहुधा बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त. आपला लेखक त्यांनी नुसता वाचलेला नसतो, कोळून प्यालेला असतो. लेखकाला कुठल्या साली कावीळ झाली, कुठल्या प्रकाशकाने त्याचे पैसे थकवले, हे त्यांना पाठ. बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र दरवर्षी सुनेकडून कळते.

निस्सीमरावांचा कोठा दणकट. लेखकाचं काय वाटेल ते त्यांना पचतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, सभासमारंभ टाळायचे, भेटीगाठींपासून चार हात लांब असायचे. पत्रं मात्र अशी लिहायचे की पुढे निवडक पत्रांचेच चार खंड निघाले. त्या काळच्या निस्सीमरावांच्या लेखी धारवाडला जाऊन न भेटता परत येणं हीच पदवी होती. भेट झाली असती तर काय सांगितलं असतं, चहा चांगला होता? न भेटण्याचं वर्णन पुढची चाळीस वर्षं पुरलं. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून वाद निघाला आणि जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. पुरस्कार मिळाला तेव्हा निस्सीमरावांनी पेढे वाटले होते. परत केला तेव्हा जेवण दिलं.

भालचंद्र नेमाड्यांनी साहित्य संमेलनाला रिकामटेकड्यांचा उद्योग ठरवलं. ही बातमी आमच्या ओळखीच्या एका निस्सीमरावांनी संमेलनाच्याच मांडवात, प्रतिनिधी शुल्काची पावती खिशात असताना वाचली आणि शेजाऱ्याला टाळी दिली. "बोलले! अखेर कुणीतरी बोललं!" मग ते जेवणाच्या कुपनासाठी उभे राहिले. तिथे मात्र रांगेत.

राजकारणाचंही तेच. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले, तेव्हा 'यांनी आपलं हसवावं, भाषणं कशाला?' असं कुरकुरणारे निस्सीमराव होतेच. पण सभेला पहिल्या ओळीत सतरंजी धरून बसलेलेही तेच होते. पुढे 'गोलपिठा' लिहिणारे, दलित पँथरचे नामदेव ढसाळ शिवसेनेच्या 'सामना'त सदर लिहू लागले. हा घास मोठा होता. निस्सीमरावांनी यावर एक सुरेख तोड काढली: एका माणसाचे दोन केले. 'पूर्वीचे ढसाळ' आणि 'नंतरचे ढसाळ'. ही तोड इतकी लागू पडली, की आता प्रत्येक लेखकाला ती वापरतात. लेखक समोर बसून भजी खात असला तरी निस्सीमराव त्याच्या देखत 'पूर्वीचे तुम्ही' असं गहिवरून बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पूर्वीच्यांचा दहावा कालच झाला असावा.

म्हणजे व्यसन माफ, कर्ज माफ, विक्षिप्तपणा माफ, पक्षांतरसुद्धा हप्त्याहप्त्याने माफ. माफ नाही ती एकच गोष्ट: लेखकाने आपल्यासारखं असणं.

हे मी एका वसंत व्याख्यानमालेत जवळून पाहिलं. पाहुणे म्हणून मोठे कादंबरीकार आले होते. यांच्या कादंबऱ्यांत पहिल्या प्रकरणात कुणीतरी मरतं आणि उरलेल्या पुस्तकभर बाकीचे त्याचा हेवा करतात. संयोजकांच्या घरी अल्पोपाहार होता आणि वाढण्याचं काम निस्सीमरावांनी मागून घेतलं होतं. गेली कित्येक वर्षं त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता: शेवटच्या प्रकरणातल्या कोरड्या विहिरीचा अर्थ काय? त्यावर त्यांनी स्वतः एक टिपणवहीही भरली होती.

कादंबरीकारांनी साबुदाणावडा मोडला, आत बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "गरम नाहीयेत का हो?"

निस्सीमरावांचा हात थरथरला. त्यांनी गरम वडे आणले. कादंबरीकारांनी चटणी पुन्हा मागून घेतली, मग यजमानांकडे वळून त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज विचारलं. तिथून गाडी त्यांच्या सोसायटीतल्या पार्किंगवर गेली. तिसऱ्या मजल्यावरचे लोक दोन गाड्या लावतात, मेंटेनन्स मात्र एकाचा देतात, सेक्रेटरी त्यांचा साडू. हे सांगताना त्यांचा आवाज चढला, कपाळाची शीर दिसू लागली. एवढी तळमळ त्यांच्या एकाही नायकात नव्हती.

शेवटी निस्सीमरावांनी धीर करून विचारलं, "सर, ती विहीर..."

"कुठली विहीर?"

"शेवटच्या प्रकरणातली. कोरडी."

"हां हां, ती!" कादंबरीकार मनापासून हसले. "अहो, शेवटच्या फॉर्म्यात पानं उरत होती. प्रकाशक म्हणाला, काहीतरी टाका. आठ वाजले का हो? जरा टीव्ही लावता? आज तिचं लग्न मोडतंय."

निस्सीमराव ताट घेऊन आत गेले. बराच वेळ स्वयंपाकघरात उभे होते. मी विचारलं, तर म्हणाले, "यापेक्षा ते पिऊन आले असते तरी चाललं असतं."

हे दुःख मराठीपुरतं नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटलं, तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केलं असं सांगतात. एका बाईंनी पत्राच्या सुरुवातीलाच डॉइलना 'पशू' म्हटलं. ही नोंद खुद्द डॉइल यांच्या आत्मचरित्रात आहे. तरी हा गुन्हा माफ झाला. १९०३ मध्ये त्यांनी होम्सला परत आणलं आणि सगळे निस्सीमराव रडून मोकळे झाले. खरा घोटाळा पुढे झाला. यॉर्कशरमधल्या दोन मुलींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले आणि डॉइल यांनी ते खरे मानून १९२० मध्ये त्याच 'स्ट्रँड'मध्ये छापवले. १९२२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या आणि टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. हे त्या दोघींनी कबूल केलं १९८३ मध्ये, डॉइल जाऊन पन्नास वर्षं उलटल्यावर. तंबाखूच्या राखेवरून माणूस हुडकणारा होम्स ज्याच्या डोक्यातून निघाला, तो स्वतः सकाळी उठून वाटेल तो मेसेज घरच्या ग्रुपवर ढकलणाऱ्या आपल्या मामांसारखा भाबडा निघावा? खुनी निघाला असता तर निस्सीमरावांनी त्याचं चरित्र लिहिलं असतं.

असा धक्का बसला की निस्सीमराव ठरलेल्या क्रमाने सावरतात. आधी म्हणतात, "तो उपरोध होता." लेखकाने मालिका पाहिली? समाजाचं निरीक्षण करत होते. विहिरीबद्दल असं बोलले? मुद्दाम बोलले, मर्म उघडं करायचं नव्हतं. हे आठवडाभर टिकतं. मग संशोधन सुरू होतं. जुन्या पुस्तकांतून असे पुरावे निघतात, की हा माणूस पहिल्यापासूनच उथळ होता. ज्या ओळींखाली पूर्वी लाल रेघ होती, तिथेच आता पेन्सिलीने प्रश्नचिन्ह येतं. त्यानंतर लेखकाला पत्र. मायना 'प्रिय'वरून 'महोदय'वर आलेला, मजकूर सात पानी, शेवटी 'उत्तराची अपेक्षा नाही' आणि खाली मोबाईल नंबर.

उत्तर येत नाही. मग निस्सीमराव त्या लेखकाची सगळी पुस्तकं पिशवीत भरून वाचनालयाला भेट द्यायला निघतात. आमच्या ओळखीचे निस्सीमराव असेच गेले. ग्रंथपालबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "यांचाच हा चौथा संच या महिन्यात. कुठे बोलले का हो काही?" जागा नव्हती. निस्सीमराव पिशवी तशीच परत घेऊन आले आणि पुस्तकं पुन्हा फळीवर लावली, पण पाठमोरी.

गेल्या दिवाळीत मात्र अघटित घडलं. याच निस्सीमरावांचा विरक्तीवरचा एक ललित लेख एका दिवाळी अंकात छापून आला. लेखाखाली नंबर होता. एका सकाळी परभणीहून फोन आला. आवाजावरून मी ओळखलं, हा तिकडचा निस्सीमराव. मी तिथेच बसलो होतो. आमचे निस्सीमराव खाली पेपर पसरून मटार सोलत होते. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणून.

"सर, लेख वाचून दोन रात्री झोप नाही. आपण आत्ता लिहीत असाल, व्यत्यय आणला का?"

निस्सीमरावांनी हातातली शेंग हळूच खाली ठेवली. आवाज दीड पट्टी खाली आणला. "नाही, नाही. विरक्तीवरच आणखी काही टिपणं काढतोय."

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, तेवढी टिपणं झाली की टरफलं टाकून या, आणि येताना दूध आणा. पिशवी बघून घ्या, काल फुटकी आणलीत!"

परभणी क्षणभर गप्प झाली. मग अदबीने विचारलं, "सर, बाहेर निघालात का कुठे?"

"हो," निस्सीमराव टरफलं गोळा करत म्हणाले, "चिंतनाला."