चवीपुरतं

“अगदी चवीपुरतं हं!” असं म्हणून तात्यांनी पानावर आडवा हात धरला, की वाढणाऱ्याने त्यांच्या बोटांकडे पाहावं. ती फाकलेली असतात. इतकी, की उकडीचा मोदक मधून अलगद पानात उतरावा. पाच उतरले की बोटं मिटतात. मग प्रत्येक मोदक फोडून त्यात तूप घ्यायचं, तेही चवीपुरतंच, म्हणजे मोदक दिसेनासा होईपर्यंत.

चहात मात्र साखर नाही. “गोडाचं मला तसं वेड नाही,” हे वाक्य त्या बिनसाखरेच्या चहाबरोबर येतं. सोबत आंबा बर्फी.

असा एक तात्या तुमच्याही नात्यात आहे, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. फक्त त्यांच्या गाडीत बसून लग्नाला जाऊ नका. पुण्याहून बेळगावला सरळ हमरस्ता जातो. तात्यांचा रस्ता साताऱ्यात शिरतो. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, साखर बेताची घालतात. म्हणून तो ‘गोडात मोडत नाही’. पुढे गाडी नरसोबाच्या वाडीला वळते. निमित्त दत्तदर्शनाचं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आपले पाय ओले होताहेत तोवर तात्या बासुंदीच्या दुसऱ्या वाटीवर असतात. कवठाची बर्फी? “अहो, ते फळ आहे!” पिशवीत एकात एक बसवलेले स्टीलचे रिकामे डबे असतात, ते वाटेत भरत जातात. आम्ही बेळगावात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तात्यांना त्याची रुखरुख नव्हती. पंगत उठलेली नव्हती, आणि कुंदा परतीच्या वाटेवर घ्यायचाच होता.

गोव्यात त्यांना कुणी तरी सांगितलं, की बेबिंकाचा एक थर भाजून झाल्यावरच त्यावर दुसरा ओततात, असे निदान सात. तात्यांनी चमचा खाली ठेवून हात जोडले. त्यात अंड्याचा बलक असतो आणि आज संकष्टी आहे, ही आठवण त्याच वेळी करून देण्यात आली. तात्यांनी तुकडा उजेडात धरून नीट पाहिला. “दिसत तर नाही कुठे,” म्हणाले आणि थर मोजत मोजत संपवला.

रक्ततपासणीच्या आधी आठ दिवस ते गोड सोडत. डॉक्टरांनी एकदा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावली. रक्ताने चहाडी केली.

तेव्हापासून तात्या कंदी पेढ्याचे अडकित्त्याने चार तुकडे करतात. एक जिभेवर ठेवून डोळे मिटतात; चावत नाहीत, विरघळू देतात. इतकी वर्षं ज्या शब्दावर आम्ही हसलो, तो आता कुठे खरा झाला आहे, आणि खरं सांगायचं तर तो तसा ऐकवत नाही. डबे मात्र अजून फिरतात. सोसायटीतलं कुणी साताऱ्याला निघालं, की आदल्या रात्री त्याच्या दारात तात्या, हातात घासलेला डबा आणि मोजून पैसे.

उरलेल्या तीन तुकड्यांना माणसं लागतात. त्यांच्याकडे गेलात आणि ताटली पुढे आली, तर हात आडवा धरायला हरकत नाही. बोटं तेवढी फाकलेली ठेवा.